पहिले पान कोणाचे?

आमच्या महाविद्यालयाच्या वाचनकक्षात दाराशीच उतरती लाकडी मेजे मांडलेली आहेत. त्यांवर रोजची वर्तमानपत्रे दांडीखाली अडकवून ठेवलेली असतात. सकाळी दहाच्या सुमारास तेथे गेल्यास एकेका पत्रापुढे दोन-तीन जण उभे दिसत. एक वरची बातमी वाचत असे, दुसरा खालची, आणि पान उलटण्यापूर्वी पहिला दुसऱ्याला विचारी, "झाले का?" अलीकडे ही गर्दी पुष्कळ ओसरली आहे. वाचणारे कमी झाले असे मात्र म्हणवत नाही. तीच मुले तीच पत्रे वाचतात; पण कट्ट्यावर बसून, प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर. "झाले का?" असे विचारण्याचा प्रसंगच उरलेला नाही. वर्तमानपत्र कागदावर वाचले काय आणि पडद्यावर वाचले काय, बातमी तीच, असे मलाही गेल्या डिसेंबरपर्यंत वाटत होते.

डिसेंबरात एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला आम्ही काही जणी गेलो होतो. विषय कमी पटसंख्येच्या शाळांचा होता. माझी वर्गमैत्रीण फार तयारीने बोलली. जिल्ह्यातील काही शाळा बंद करण्याचा निर्णय झाला आहे, असे तिने एका मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावरील बातमीच्या आधाराने, तारखेसह सांगितले. प्रतिपक्षाचा वक्ता खंडनासाठी उठला तो हातात मोबाइल घेऊनच. त्याने तीच बातमी उघडून परीक्षकांसमोर धरली. छायाचित्र तेच, तारीख तीच, परंतु मथळा असा, की शाळा बंद करण्याचा कोणताही निर्णय झालेला नाही! सभागृहात हशा पिकला. वक्त्यांनी आधार नीट तपासून बोलावे, असा शेरा परीक्षकांनी मारला. ती मुकाट्याने खाली बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ग्रंथपालांकडे गेलो आणि त्या दैनिकाच्या जुन्या अंकांची फाइल मागितली. त्या तारखेच्या अंकात पहिल्या पानावर, घडीच्या खाली, तीन कॉलमी मथळ्यात ती बातमी होती. निर्णय झाला असेच तीत म्हटले होते. तीन दिवसांनंतरच्या अंकात आतल्या पानावर एक लहानशी चौकट होती: खुलासा. तो केवळ प्रस्ताव असून निर्णय झालेला नाही, असे तीत छापले होते. म्हणजे पत्राकडून चूक झाली होती, आणि कागदावर पत्राने ती तारीखवार कबूलही केली होती. संकेतस्थळावर मात्र जुना मथळा पुसून त्याच जागी नवा बसवला होता, आणि असे केले आहे याची एक ओळही तेथे नव्हती. माझ्या मैत्रिणीचे विधान चुकले होते हे खरे. परंतु ते तिने मनाने रचले नव्हते. कागदापाशी तिचा साक्षीदार होता, पडद्यापाशी नव्हता.

वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाची मांडणी कशी असावी, हा प्रश्न वरवर पाहता आपला नव्हे असे वाटेल. तो संगणक शिकलेल्यांनी किंवा चित्रकला शिकलेल्यांनी सोडवावा. आपण भाषा आणि समाजशास्त्रे शिकणाऱ्यांनी त्यात का पडावे? परंतु वर्तमानपत्राची मांडणी ही कधीच नुसती सजावट नव्हती. कोणती बातमी मोठी, कोणती लहान, कोणते मत, कोणती जाहिरात, काय चुकले आणि ते केव्हा सुधारले, हे सारे संपादक मांडणीतूनच सांगतो. मांडणी ही त्याची सही आहे. संकेतस्थळांवर आज जी मांडणी रूढ झाली आहे तिने ही सही पुसत आणली आहे, असे माझे मत आहे. आणि सही नसलेल्या कागदाच्या आधारावर भांडता येत नाही, हा अनुभव वर सांगितलाच आहे.

कागदी वर्तमानपत्राची एक मूक भाषा आहे. ती आपल्याला कोणी शिकवलेली नसते, तरी ती आपल्याला येते. आठ कॉलमी मथळा दिसला की घरातील वडीलधारी मंडळी चष्मा शोधू लागतात. दोन कॉलमी मथळा म्हणजे दखल घ्यावी अशी बातमी. तळाशी चार ओळी म्हणजे जाता जाता सांगितलेली गोष्ट. महत्त्वाचे ते घडीच्या वर. अग्रलेख रोजच्या पानावर, रोजच्या जागी. तेथे पत्राचे मत वाचावे आणि इतरत्र बातमी, असा वाचक आणि संपादक यांच्यातला अलिखित करार. जाहिरातीभोवती रेघ, म्हणजे या रेघेच्या आतल्या मजकुराची हमी संपादक देत नाही.

मराठी वृत्तपत्राचा जन्मच अशा बोलक्या मांडणीने झाला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा त्याच्या पानावर दोन स्तंभ होते. एक मराठी, एक इंग्रजी. एतद्देशीयांना नव्या विद्येचा परिचय व्हावा आणि त्यांचे म्हणणे राज्यकर्त्यांच्या कानी जावे, हा हेतू त्या दोन स्तंभांच्या शेजारातूनच कोणालाही दिसत होता. त्यासाठी वेगळे निवेदन वाचण्याची गरज नव्हती.

या भाषेला अर्थ येतो तो जागेच्या मर्यादेमुळे. पान तेवढेच असते. एका बातमीला वर चढवायचे तर दुसरीला खाली उतरवावे लागते. हा निर्णय रात्री कचेरीत बसून कोणीतरी माणूस घेतो, आणि सकाळी तो हजारो घरांत एकसारखा पोचतो. चुकला तर सर्वांच्या देखत चुकतो. दुसऱ्या दिवशी कोणी वाचक संपादकांना पत्र लिहून विचारू शकतो, की दुष्काळाची बातमी सातव्या पानावर आणि नटाचे लग्न पहिल्या पानावर, हे कसे?

याचा अर्थ कागदाची पूजा बांधावी असा मुळीच नाही. लंडनच्या 'टाइम्स'सारख्या प्रतिष्ठित पत्राच्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत बातम्याच नसत. तेथे छोट्या जाहिराती असत. आपल्याकडे मद्रासच्या 'हिंदू'नेही पहिल्या पानावर बातम्या छापावयास १९५८ साली सुरुवात केली. आजही सणासुदीला कित्येक पत्रांचे पहिले पान शोधण्यासाठी दोन-दोन पानभर जाहिराती उलटाव्या लागतात. आणि २००९ च्या निवडणुकांत, विशेषतः आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत, उमेदवारांकडून पैसे घेऊन बातम्या छापल्याचे जे प्रकरण उजेडात आले, ते तर कागदावरच घडले होते. त्यावर प्रेस कौन्सिलला २०१० साली अहवाल तयार करावा लागला. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'टाइम्स'चे पहिले पान जाहिरातींचे आहे हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. आणि विकत घेतलेली बातमी आपल्याला लांच्छनास्पद वाटली, ती तिने बातमीची जागा आणि बातमीचा टाइप चोरला म्हणून. संकेत मोडला हे कळण्यासाठी आधी संकेत असावा लागतो.

संकेतावरून आठवले. 'संकेतस्थळ' हा शब्द आपण वेबसाइटसाठी सर्रास वापरतो. पण आमच्या संस्कृतच्या तासाला तो निघाला की वर्गात खसखस पिकते. कारण काव्यात संकेतस्थळ म्हणजे नायक-नायिकांनी चोरून भेटण्याचे ठिकाण! वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांकडे पाहिले की हा जुना अर्थच अधिक लागू पडतो असे वाटू लागते. तेथेही बातमी आणि जाहिरात कोणाच्या नजरेस न येता भेटत असतात.

ही संकेतस्थळे फार जुनी नाहीत. ब्रिटनमधील 'डेली टेलिग्राफ'ने नोव्हेंबर १९९४ मध्ये आपली इंटरनेट आवृत्ती सुरू केली. भारतात 'हिंदू' १९९५ साली या मार्गाला लागला. 'न्यू यॉर्क टाइम्स' जानेवारी १९९६ मध्ये. कागदी पत्राने या नव्या घरात येताना आपली पाटी तेवढी बरोबर आणली. आजही कोणतेही संकेतस्थळ उघडा, वर पत्राचे नाव त्याच वळणदार अक्षरांत असते. त्याखाली विभागांची पट्टी: ताज्या बातम्या, महाराष्ट्र, देश, विदेश, क्रीडा, मनोरंजन. मग एक मोठे छायाचित्र आणि त्याखाली मुख्य बातमी. इथवर सारे ओळखीचे वाटते. खाली सरकू लागले की मात्र घर बदलले आहे हे कळू लागते.

बातमीच्या दोन परिच्छेदांमध्ये 'हेही वाचा' अशी पाटी आडवी येते. वाचा म्हटलेली गोष्ट बहुधा त्या बातमीशी संबंधित नसते. कोपऱ्यात न मागितलेली चित्रफीत आपोआप सुरू होते. 'सर्वाधिक वाचलेल्या' बातम्यांची यादी येते. तळाशी सहा चौकोन येतात. प्रत्येकात एक छायाचित्र व एक मथळा, अगदी बातमीसारखा. त्यांतील तीन बातम्या असतात आणि तीन गुडघेदुखीच्या तेलाच्या, कर्जाच्या किंवा कसल्याशा जाहिराती. 'प्रायोजित' हा शब्द असतो, नाही असे नाही. पण तो मुंगीच्या अक्षरात आणि फिक्या करड्या रंगात. कागदावरची ती काळी रेघ कोठेच दिसत नाही. आणि पान संपत मात्र नाही. एक बातमी संपली की तिच्या पोटातून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती २००६ साली एझा रास्किन या तरुणाने काढली असे मानतात. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. वर्तमानपत्र वाचून संपवण्यात एक समाधान असते. घडी घालून ते बाजूला ठेवता येते आणि मग वाचलेल्याचा विचार करता येतो. जे संपतच नाही त्याचा विचार कधी करावा?

हे असे का झाले, याचे उत्तर बव्हंशी पैशांत आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पट्टीची पहिली जाहिरात झळकली. तेव्हापासून जाहिरातदार पैसे देऊ लागला तो ती किती वेळा दिसली, किती जणांनी ती बोटाने दाबली यांच्या मोजणीवर. कागदी पत्राच्या जाहिरातदारालाही खपाचे आकडे लागत. परंतु कोणती बातमी किती जणांनी वाचली हे त्याला कळत नव्हते, संपादकालाही कळत नव्हते. आता दोघांनाही क्षणोक्षणी कळते. वाचकाचा डोळा पडद्यावर कोठे फिरतो याचीही मोजदाद झाली आहे. जेकब नील्सन यांच्या संस्थेने २००६ साली २३२ जणांच्या दृष्टीचा माग काढला. लोक वरची ओळ वाचतात, मग थोडे खाली येऊन आणखी एक अर्धी ओळ, आणि मग डाव्या कडेने नुसते घसरत जातात, असे तीत आढळले. हे कळल्यावर दोन वाटा होत्या. एक, जे महत्त्वाचे ते वर व थोडक्यात सांगावे, म्हणजे वाचक घसरला तरी रिकाम्या हाताने जाणार नाही. दुसरी, महत्त्वाचे ते मुद्दाम खाली दडवावे, म्हणजे वाचकाला सगळ्या जाहिरातींवरून जावेच लागेल. आपल्या कितीतरी संकेतस्थळांनी दुसरी वाट धरली, हे सांगण्यासाठी कोणत्याही पाहणीची गरज नाही.

मथळ्याचेच पाहा. बातमीचे सार थोडक्या शब्दांत सांगणे हे मथळ्याचे काम. उपसंपादकाची कसोटी त्यातच लागते. आता मथळा सांगत नाही, खुणावतो. 'या' अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय. 'या' जिल्ह्यात पावसाचा इशारा. कारण ऐकून थक्क व्हाल! हा 'या' म्हणजे कोण, हे आत गेल्यावाचून कळू द्यायचे नाही. नटीच्या बाबतीत हा खेळ एक वेळ क्षम्य मानू. पण पावसाचा इशारा आपल्या जिल्ह्याला आहे की नाही हे जाणण्यासाठी ज्या शेतकऱ्याला चार जाहिराती ओलांडाव्या लागतात, त्याच्याशी हा खेळ खेळणे बरे नव्हे. परदेशी तर एकाच बातमीचे दोन-तीन मथळे एकाच वेळी वेगवेगळ्या वाचकांना दाखवून, ज्यावर अधिक बोटे पडतील तो कायम ठेवण्याची पद्धत मोठमोठ्या पत्रांत रूढ आहे. अशा वेळी मथळा कोणी दिला, या प्रश्नाला उत्तर काय द्यावे?

'सर्वाधिक वाचलेल्या' बातम्यांची यादीही वाटते तितकी निरागस नाही. वर दिसते म्हणून वाचली जाते आणि वाचली जाते म्हणून वर दिसते, असे ते चक्र आहे. त्यातच शोधयंत्रांचा वरचष्मा. गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये 'एएमपी' नावाचा मोबाइलवर झटपट उघडणाऱ्या पानांचा एक नमुना जाहीर केला, आणि शोधाच्या निकालात अगदी वर दिसणाऱ्या बातम्यांच्या पट्टीत स्थान हवे असेल तर पाने त्याच नमुन्यात बसवणे २०२१ पर्यंत आवश्यक होते. जगभरच्या पत्रांनी ते निमूटपणे केले. म्हणजे पानाचा चेहरा कसा असावा, हेही पुष्कळ अंशी पत्राच्या कचेरीबाहेर ठरू लागले. भरीस भर म्हणून, कोणाला कोणती बातमी आवडेल याचा अंदाज बांधून प्रत्येकाला निराळी यादी दाखवण्याची सोय झाली. वाचनकक्षातील मेजापुढे आम्ही तिघी उभ्या राहिलो तर आम्हा तिघींपुढे एकच पहिले पान असते. कट्ट्यावर बसलो तर तीन मोबाइलवर एकाच पत्राची तीन पहिली पाने असू शकतात. मग दुष्काळाची बातमी सातव्या पानावर का, असे पत्र संपादकांना कोण लिहिणार? ते उलट विचारतील, कोणाच्या मोबाइलवर?

आता पुन्हा त्या बदललेल्या मथळ्याकडे वळू. असे आमच्याकडेच घडते असे नाही. १ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन पुलावर 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' चळवळीतील सातशेहून अधिक निदर्शकांना अटक झाली. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या संकेतस्थळावर प्रथम जी बातमी आली तिच्या आरंभी असे म्हटले होते, की पोलिसांनी निदर्शकांना आधी पुलावर येऊ दिले आणि मग अडवून अटक केली. थोड्याच वेळात तो आरंभ बदलला आणि निदर्शक वाहनांच्या रस्त्यावर चालत गेल्यानंतर त्यांना अटक झाली असे त्याचे रूप झाले. दोन्ही वाक्ये वेगवेगळी वाचली तर दोन्ही साधी वाटतात. शेजारी ठेवली तर दोष एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकलेला दिसतो. बदल कदाचित अधिक माहिती हाती आल्यामुळे झाला असेल. बातमी वाढत जाते, हे मान्य आहे. पण ती बदलली हे वाचकाला कळले ते कोणीतरी दोन्ही रूपे टिपून ठेवली होती म्हणून. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेतील काही तरुणांनी 'न्यूजडिफ्स' नावाची एक सोय तयार केली. ती मोठ्या पत्रांच्या संकेतस्थळांवरील बातम्या वरचेवर तपासून त्यांत कोणता शब्द गेला, कोणता आला, याची नोंद ठेवी. जे काम पत्राने स्वतः करावयाचे ते बाहेरच्यांना करावे लागले, हे त्या पत्रांना भूषणावह नाही.

संकेतस्थळावर हे करताच येत नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. ब्रिटनच्या 'गार्डियन'ने १९९७ साली वाचकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र संपादक नेमला आणि दुरुस्त्यांचे रोजचे सदर सुरू केले. त्यांच्या संकेतस्थळावरही बातमीत मागाहून बदल केला तर कोणत्या तारखेला काय बदलले याची टीप बातमीच्या तळाशी देतात. जुनी बातमी कोणी उघडली तर ती इतक्या वर्षांपूर्वीची आहे, अशी ठळक पट्टी मथळ्याजवळ दिसते. २०१९ मध्ये त्यांनी ती अधिक ठसठशीत केली. किती साधी गोष्ट! आपल्याकडे चार वर्षांपूर्वीच्या पुराचे छायाचित्र आजचे म्हणून घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरते, तेव्हा अशी एक पिवळी पट्टी किती घबराट वाचवील याचा विचार करावा.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत तर आणखी एक दुखणे आहे. आरंभीच्या काळात आपल्या पत्रांच्या संकेतस्थळांचे टंक निरनिराळे असत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. विंडोज २००० बरोबर, कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा टंकही आला. परंतु आपली पत्रे युनिकोडकडे वळण्यास बरीच वर्षे गेली. तोवर पत्र वाचायचे तर आधी त्याचा टंक उतरवून घ्यावा लागे. त्या टंकांत लिहिलेले जुने पान आज कोठे सापडलेच, तर मूळ टंकावाचून पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. १८८१ चा 'केसरी' ग्रंथालयात जाऊन वाचता येतो. या शतकाच्या आरंभीचे मराठी संकेतस्थळ वाचणे मात्र दुरापास्त आहे, ही केवढी विसंगती! त्यानंतरही दर काही वर्षांनी संकेतस्थळाची रंगरंगोटी होते, पत्ते बदलतात, जुने दुवे मरतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या संकेतपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. उद्या आमच्यापैकी कोणी या काळाच्या महाराष्ट्राचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा त्याने कोणत्या साधनांवर भिस्त ठेवावी?

दुसरी बाजू मी विसरलेली नाही. माझ्या गावी एस्टीने येणारे वर्तमानपत्र दुपारी पोचत असे, आणि तेही एकच. आज तेथील मुलगी सकाळी सहाला तीन मराठी पत्रे आणि वाटल्यास एक इंग्रजी पत्र उघडू शकते. अक्षर मोठे करून आजोबा वाचू शकतात. ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइल बातमी वाचून दाखवतो; कागदाने ही सोय त्यांना कधीच दिली नव्हती. चुकीची बातमी पुढच्या सकाळची वाट न पाहता तत्क्षणी सुधारता येते, हा तर फार मोठा गुण. आणि पत्र चालवावयास पैसा लागतो, हेही खरे. वाचकाने फुकट मागावे आणि जाहिरातीही नकोत म्हणावे, हा न्याय नव्हे. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने मार्च २०११ मध्ये महिन्याला वीस लेखांपलीकडे वाचावयास पैसे आकारण्याचे ठरवले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. पण ज्याच्या खिशातून पैसे येतात त्याचेच पत्र ऐकते, हा व्यवहार जुनाच आहे. चांगल्या पत्राला वाचकांनी वर्गणी द्यावी, असे मला मनापासून वाटते. मात्र ज्यांना ती परवडत नाही त्यांनाही फसवले जाऊ नये.

म्हणून माझी मागणी पडदा बंद करा अशी नाही. पडद्यावरही संपादकाने सही करावी, एवढीच आहे. बातमी प्रथम केव्हा प्रसिद्ध झाली आणि नंतर तीत काय बदलले, हे दोन ओळींत तिच्याखाली लिहावे. जाहिरातीभोवती रेघ ओढावी, आणि 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या अक्षरांइतका स्पष्ट असावा. मथळ्यात सांगायचे ते सांगावे. 'या' आणि 'त्या'चा लपंडाव पुरे झाला. दिवसातून एकदा तरी, सकाळी म्हणा, सर्व वाचकांना सारखेच दिसेल असे एक पहिले पान संपादकाने मांडावे. त्याला शेवट असावा आणि ते तारखेनुसार कायम जपून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी पत्राला काय महत्त्वाचे वाटले होते हे पुढे केव्हाही पाहता येईल. आणि बातमीचा पत्ता एकदा दिला की तो बदलू नये. यांतील एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. इच्छा लागते, आणि थोडे नुकसान सोसण्याची तयारी लागते.

आमच्या वर्गातील काही जण वृत्तपत्रविद्येकडे जाण्याच्या गोष्टी करतात. त्यांच्यापैकी कोणी लवकरच एखाद्या पत्राच्या कचेरीत संगणकापुढे बसलेला असेल, आणि बातमी बदलल्यावर खाली टीप द्यावी की न द्यावी हे त्याच्या बोटांवर असेल. घाईची वेळ असेल, वरिष्ठ आकड्यांकडे बोट दाखवीत असतील. तेव्हा त्याने एक करावे: आपल्या बातमीचा आधार घेऊन कोठल्या तरी सभागृहात एखादी मुलगी बोलावयास उभी आहे, हे आठवावे.

माझी मैत्रीण आता संकेतस्थळावरील बातमी वापरायची झाली तर तिचे छायाचित्र काढून ठेवते आणि वहीत तारीख व वेळ टिपते. ग्रंथपाल दर महिन्याच्या अखेरीस अंकांची फाइल बांधतात. जागा नाही म्हणून या वर्षापासून दोनच पत्रांच्या फाइली ठेवायचे ठरत आहे, असे त्यांनी परवा सांगितले. चारही ठेवाव्यात म्हणून आम्ही प्राचार्यांना अर्ज दिला आहे. त्यावर आतापर्यंत एकेचाळीस सह्या झाल्या आहेत.